ओढणं सोपं, थांबवणं अवघड

छोट्या ट्रॅक्टरला ट्रॉली निवडताना

दसरा उलटला की ऊसपट्ट्यातल्या रस्त्यांचा मालक बदलतो. एसटी, पिकअप, मोटारसायकली यांनी कडेला व्हायचं आणि ट्रॅक्टरमागच्या ट्रॉल्यांनी मधून चालायचं, हा पुढच्या चार-पाच महिन्यांचा अलिखित नियम. नाशिककडे कांद्याच्या ट्रॉल्या बाजार समितीच्या वाटेला लागतात, सांगोल्याकडे डाळिंबाचे क्रेट निघतात, मराठवाड्यात सोयाबीनची पोती आडतीवर पोचायची असतात. शेतमाल शेतातून रस्त्यावर येतो तो ट्रॉलीत बसून. तरीही ट्रॅक्टर घेताना सहा महिने चौकशी करणारा, चार शोरूमच्या पायऱ्या झिजवणारा शेतकरी ट्रॉली मात्र अर्ध्या तासात ठरवतो.

तालुक्याच्या फाट्यावर, बायपासला, एमआयडीसीच्या तोंडाशी ट्रॉली बांधणाऱ्यांच्या शेड असतात. बाहेर लाल किंवा निळा रंग मारलेल्या दोन-तीन तयार ट्रॉल्या, आत चॅनेल आणि अँगलचे ढीग, वेल्डिंगच्या ठिणग्या. तिथला संवाद बहुतेक वेळा ठरलेल्या वळणानेच जातो.

"दादा, माल किती बसंल?"

"तुम्ही बोला शेठ, दोन टन बसवू."

"मग फाळके अजून सहा इंच वर घ्या की."

आणि फाळके सहा इंच वर जातात. ट्रॅक्टरचं वजन किती, उतार कुठे लागतो, भरलेली ट्रॉली थांबवणार कशी, यातलं काहीच विचारलं जात नाही. ट्रॅक्टर मोठा, पन्नास एचपीचा आणि दोन टन वजनाचा असेल तर या हलगर्जीपणावर बराच काळ पांघरूण पडतं. ट्रॅक्टर पंधरा-वीस एचपीचा असेल तर पडत नाही. म्हणून हा लेख छोट्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीबद्दल आहे.

छोटा ट्रॅक्टर, मोठी अपेक्षा

महाराष्ट्रात मिनी ट्रॅक्टर रुजला तो आधी बागांमधून. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत वेलींच्या दोन ओळींमधून, मांडवाखालून जायचं तर मोठा ट्रॅक्टर कामाचा नाही. फवारणीचा ब्लोअर ओढायला, ओळीतली माती हलवायला अरुंद आणि बुटका ट्रॅक्टर लागतो. महिंद्राचा युवराज, बंगळुरूच्या व्हीएसटीचे छोटे ट्रॅक्टर, राजकोटचा कॅप्टन, कुबोटाचा निओस्टार ही नावं बागाईतदारांच्या तोंडी बसली ती या कामामुळे. पुढे जमिनीच्या वाटण्या होत गेल्या, बैल सांभाळणं परवडेनासं झालं, आणि दोन-तीन एकरवाल्या कोरडवाहू शेतकऱ्यानेही बैलजोडीच्या जागी मिनी ट्रॅक्टर आणला.

दुसरं कारण सरकारी योजनेचं. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहायता बचत गटांसाठी ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधनं देण्याची योजना आणली. साडेतीन लाखांची मर्यादा, त्यात ९० टक्के म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान आणि उरलेले १० टक्के गटाचे. उपसाधनांत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर, आणि ट्रेलर. योजनेच्या कागदावर ट्रेलरचं नाव आलं हे चांगलंच झालं, कारण ट्रॅक्टर वर्षातले बरेच दिवस शेतात नसतो, रस्त्यावर असतो. पण मर्यादेत सगळा संच बसवायचा म्हटल्यावर ट्रेलरच्या वाट्याला उरलेसुरले पैसे येतात. निवड करायला फारसा वावच राहत नाही.

बैलाच्या जागी आलेल्या या यंत्राकडून अपेक्षा मात्र मोठ्या ट्रॅक्टरच्या असतात. शेणखत, ऊसाचं बेणं, खताच्या गोण्या, घराच्या बांधकामाची वाळू-खडी, शेजाऱ्याचा कडबा, सगळं त्याच्याच मागे. आणि तो ओढतोही. पहिल्या गिअरला टाकला की पंधरा एचपीचा ट्रॅक्टर आपल्या तिप्पट वजन सपाटीवर सहज हलवतो. घोटाळा इथूनच सुरू होतो. ओढलं म्हणजे जमलं, असं मालक मानून चालतो.

घनफूट आणि किलो

ट्रॉलीचं माप फुटात सांगितलं जातं, तर ट्रॅक्टरवर भार येतो किलोत. या दोहोंची सांगड शेडमध्ये कुणी घालून देत नाही.

सात फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट उंच फाळक्यांची ट्रॉली घेऊ. मिनी ट्रॅक्टरमागे असं माप सर्रास दिसतं. आतली जागा ४२ घनफूट, म्हणजे साधारण १.२ घनमीटर. ही ट्रॉली काठोकाठ कांद्याने भरली तर माल सात-आठ क्विंटल होतो. सुट्या सोयाबीनने भरली तर नऊ क्विंटलच्या आसपास. कापसाने भरली तर दीड क्विंटलही मुश्किलीने, म्हणून कापूस रचून रचून वर न्यावा लागतो. तीच ट्रॉली ओल्या वाळूने काठोकाठ भरली की वजन दोन टनांच्या वर जातं. चार फाळक्यांच्या आतली जागा तेवढीच आहे, पण आठ क्विंटल आणि बावीस क्विंटल यांत जवळजवळ तिपटीचा फरक पडला.

बांधकामाचा माल आपल्याकडे ब्रासवर मोजतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि एक ब्रास वाळू साडेचार टनांच्या घरात जाते. "अर्धा ब्रास तर आहे" असं म्हणत मिनी ट्रॅक्टरमागे टाकलेला माल सव्वादोन टन असतो. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन आठशे किलो.

तेव्हा निवडीचा पहिला नियम असा की ट्रॉलीचं माप सगळ्यात हलक्या मालावरून ठरवू नये. कापूस, कडबा, चारा यांना जागा हवी म्हणून फाळके उंच घेतले तर उद्या त्याच फाळक्यांपर्यंत कुणीतरी मुरूम भरणार. भरणारा मजूर फाळका पाहतो, वजन पाहत नाही. यावर जुनाच उपाय बरा. कायमचे फाळके कमी उंचीचे ठेवायचे आणि हलक्या मालासाठी वर बसवायची जाळी वेगळी करून घ्यायची. वाळू-मुरुमाच्या दिवशी जाळी घरी राहते आणि ट्रॉलीत माल बसतो तेवढाच बसतो.

थांबण्याचा हिशोब

आता मूळ मुद्दा. बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक असतो तो फक्त मागच्या दोन चाकांना. गावातल्या शेडमध्ये बांधलेल्या बहुसंख्य ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. म्हणजे ट्रॅक्टर, ट्रॉली आणि माल या सगळ्या वजनाला थांबवायचं काम ट्रॅक्टरच्या दोन मागच्या टायरांनी करायचं.

आठशे किलोच्या ट्रॅक्टरचं साठ टक्के वजन मागच्या चाकांवर धरू, म्हणजे ४८० किलो. कोरड्या डांबरावर टायर आपल्यावरच्या वजनाच्या सत्तर टक्क्यांइतकी पकड देतो असं धरलं तर ब्रेकचा जोर जास्तीत जास्त ३३५ किलोंच्या आसपास. पाय कितीही जोरात दाबला तरी त्यापुढे चाक घसरणार. नुसता ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगाने चालला असेल तर एवढा जोर त्याला चार मीटरच्या आत उभा करतो.

मागे पाचशे किलोची ट्रॉली आणि तीत दीड टन माल जोडा. आता थांबवायचं वजन २८०० किलो, आणि ब्रेकचा जोर तेवढाच. रस्त्याचा रोध जमेस धरूनही सपाटीवर थांबायला अकरा-बारा मीटर लागतात. रस्ता दहाला एक असा उतरता असेल, म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर खाली, तर हेच अंतर चाळीस मीटरच्या जवळ जातं. उतार आणखी थोडा तीव्र झाला, किंवा रस्ता ओला असला, तर गाडी थांबतच नाही. चालक ब्रेकवर उभा राहिलेला असतो, मागची चाकं फरफटत असतात आणि ट्रॉली ढकलत असते. हा हिशोब ढोबळ आहे, ट्रॉलीचा भार ट्रॅक्टरवर अजिबात येत नाही असं धरून केलेला आहे, आणि चालकाला भान यायला लागणारा एखादा सेकंद त्यात धरलेलाच नाही. तेवढ्या एका सेकंदात ट्रॅक्टर आणखी साडेपाच मीटर पुढे गेलेला असतो.

दहाला एक हा उतार घाटरस्त्यावर क्वचित सापडतो, कारण हमरस्ते आखताना चढ बेताचा ठेवतात. तो सापडतो गावात. कालव्याच्या पुलाचा उतार, ओढ्यात उतरणारी पाणंद, तळ्याच्या बांधावरून खाली येणारी वाट, शेतातून डांबरीवर चढणारा रॅम्प, या जागांना कुणी अभियंता आखायला गेलेला नसतो. मिनी ट्रॅक्टरचं रोजचं जाणं-येणं नेमकं याच जागांवरून असतं.

ट्रॅक्टरबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका आपल्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर निघत नाही. परदेशी बाजारासाठीच्या काही पुस्तिकांत एक सोपा दंडक छापलेला असतो. ज्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नाही त्याचं मालासकट वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीहून जास्त नको, आणि वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आत हवा. आठशे किलोच्या ट्रॅक्टरला हा दंडक लावला तर ट्रॉली आणि माल मिळून १२०० किलो. रिकामी ट्रॉली पाचशेची असेल तर माल सातशे किलो, म्हणजे सात क्विंटल. हा आकडा ऐकून शेडमधला कुणीही हसेल. पण वरचा हिशोब याच आकड्याच्या बाजूने बोलतो.

यातून दोन वाटा निघतात. एक, माल कमी भरणं. दोन, ट्रॉलीला ब्रेक घेणं. दांडी मागून दाबली गेली की आपोआप लागणारा ब्रेक, ज्याला इनर्शिया किंवा ओव्हररन ब्रेक म्हणतात, तो फार गुंतागुंतीचा नाही. ट्रॅक्टर हळू झाला की ट्रॉली पुढे रेटते, त्या रेट्यानेच दांडीतला दट्ट्या सरकतो आणि ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक लागतात. युरोपात गाडीमागे जोडायच्या ट्रेलरचं एकूण वजन ७५० किलोंच्या वर गेलं की ब्रेक सक्तीचा आहे. आपल्याकडे मागणी नाही म्हणून शेडवाला करत नाही, आणि शेडवाला दाखवत नाही म्हणून गिऱ्हाईक मागत नाही.

ब्रेक नसलेल्या ट्रॉलीवर चालकाने पाळायचे दोन नियम जुने जाणते आजही सांगतात. ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून सोडायचं नाही. दुसरा नियम ब्रेकच्या पायपट्ट्यांचा. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात जागच्या जागी वळायला सोयीचे. रस्त्यावर येताना दोन्ही पट्ट्या जोडणारी कडी लावायची असते. ती लावायची राहिली आणि घाईत एकाच पट्टीवर पाय पडला तर ट्रॅक्टर एका अंगाला खेचतो आणि मागची ट्रॉली सरळ पुढे येते. ट्रॅक्टर आडवा आणि ट्रॉली त्याच्या अंगावर, हे चित्र तिथूनच तयार होतं.

दोन चाकं की चार

गिऱ्हाईकाने विचारून ठरवावा असा दुसरा प्रश्न एक्सलचा. दोन चाकांच्या ट्रॉलीत मालाचा काही भार दांडीवरून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो. त्याचा फायदा असा की चाकांना पकड मिळते, चिखलात ट्रॅक्टर घसरत नाही, ब्रेकलाही थोडा जोर येतो. रिव्हर्स घेणं सोपं, बांधाच्या कोपऱ्यात वळणं सोपं, किंमत कमी. तोटा असा की मागे जेवढा भार तेवढं पुढचं हलकं होतं. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, तरच स्टेअरिंग ऐकतं. छोट्या ट्रॅक्टरचं पुढचं मुळातच हलकं. माल ट्रॉलीच्या तोंडाशी रचला आणि चढ लागला की पुढची चाकं जमीन सोडतात. माल मागच्या फाळक्याकडे जास्त झाला तर उलटं होतं. दांडी वर उचलली जाते, मागच्या चाकांची पकड जाते. म्हणून दोनचाकी ट्रॉलीत माल एक्सलच्या किंचित पुढे बसला पाहिजे, आणि ट्रॅक्टरला पुढे वजनाच्या प्लेट लावल्या पाहिजेत. प्लेट शोरूममध्ये मिळतात. त्यांचे पैसे वाचवण्यात शहाणपणा नाही.

चारचाकी ट्रॉली आपला भार आपणच पेलते. ट्रॅक्टरने फक्त ओढायचं. माल जास्त बसतो, दांडीवर भार नाही, ट्रॉली सोडून ठेवली तरी सरळ उभी राहते. पण पुढच्या एक्सलला टर्नटेबल असलेली ट्रॉली रिव्हर्सला दोन ठिकाणी मोडते. सवयीच्या चालकालाही अरुंद गल्लीत घाम फुटतो. आणि मुख्य म्हणजे ती मागच्या चाकांवर भार देत नसल्याने ब्रेकचा सगळा हिशोब वर मांडला तसाच कडक राहतो. मिनी ट्रॅक्टरला, बागेच्या आणि पाणंदीच्या कामाला, माझं मत दोनचाकीच्या बाजूने आहे. चारचाकी हवीच असेल तर तिला ब्रेक हवा, यात तडजोड नको.

रुंदीकडेही पाहावं. बागेत जायचं असेल तर ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांहून फार रुंद असता कामा नये. ट्रॅक्टर निघून जातो आणि ट्रॉलीचा कोपरा मांडवाच्या खांबाला अडकतो. द्राक्षाचे किंवा डाळिंबाचे क्रेट न्यायचे असतील तर तळ क्रेटच्या मापात बसतो का, हे फुटपट्टीने मोजून घ्यावं. वीस किलोचे पन्नास क्रेट म्हणजे एक टन, हा हिशोबही तिथेच करून टाकावा.

दांडीच्या मुळाशी

शेडमध्ये ट्रॉली पाहायला गेलात तर रंगाकडे पाहू नका, खाली वाका. ट्रॉलीचा सगळा जोर एका जागेतून जातो, दांडी जिथे चासीला जोडली आहे तिथून. चांगल्या कामात दांडीचा चॅनेल चासीच्या खालून मागे एक्सलपर्यंत, निदान मधल्या आडव्या पट्टीपर्यंत गेलेला असतो. कच्च्या कामात तो पुढच्या आडव्या चॅनेलला टोकाला टोक लावून वेल्ड केलेला असतो, वर तिकोनी पट्ट्यांचा आधार आणि त्यावर रंगाचा जाड थर. अशी दांडी वर्ष-दोन वर्ष चालते. मग वेल्डच्या कडेने केसासारखी चीर पडते, गंजाची तांबूस रेघ दिसायला लागते आणि एक दिवस खड्ड्यातल्या गचक्याला दांडी चासीपासून सुटते. जुनी ट्रॉली घेताना याच जागेचा रंग खरवडून पाहावा. बाकी सगळी ट्रॉली मळलेली आणि तेवढ्याच जागी ताजा रंग असेल तर सौदा तिथेच मोडावा.

दांडीच्या तोंडाचा डोळाही पाहावा. पिनच्या घासण्याने तो लांबट झालेला असेल तर ट्रॉली पुढेमागे आदळत चालते, आणि प्रत्येक आदळण्याचा मार हूकला बसतो. पिन मापाची, कठीण लोखंडाची, आणि खाली लॉकची क्लिप असलेली हवी. पिनऐवजी सळईचा तुकडा अडकवून ट्रॉली ओढणारे अजूनही भेटतात. दांडीला जोडून एक साखळी ट्रॅक्टरला बांधलेली असावी, पिन निघाली तरी ट्रॉली सुटून मागच्यांवर जाऊ नये म्हणून.

हूकची उंची हा तर जिवाचा प्रश्न आहे. ट्रॉली ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा खालीच जोडायची असते. दांडी वर, टॉप लिंकच्या जागी जोडली की चढावर ओढताना ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती फिरून चालकासकट उलटा पडतो. हे घडायला एक-दोन सेकंदही पुरतात. अडकलेली ट्रॉली बाहेर काढण्यासाठी "जरा वर बांधून बघू" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावं.

चाकांकडे आलं की हब हाताने हलवून पाहावं. खेळ असेल तर बेअरिंग गेलं. दोन्ही टायर एका मापाचे आणि ट्रॉलीला पेलणारे आहेत का, हे टायरच्या कडेवर लिहिलेल्या भारावरून कळतं. मोटारीचे झिजलेले टायर ट्रॉलीला लावायची पद्धत आहे, कारण ते स्वस्त पडतात. ते टायर दोन टनांसाठी बनवलेले नसतात.

हायड्रॉलिक हवी का, हा प्रश्न कामावर ठरतो. शेणखत, माती, मुरूम, कांदा खाली करायचा तर उचलणारी ट्रॉली दोन मजुरांची दिवसभराची मजुरी वाचवते. लासलगाव बाजारात ट्रॉल्या रांगेने उभ्या राहतात, व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन पाहतो, बोली होते, आणि मग तीच ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन खाली होते. तिथे उचलणारी ट्रॉली असली की दिवसाला एक फेरा जास्त निघतो. पण क्रेट, गोण्या, पोती एवढाच माल असेल तर हायड्रॉलिकचं वजन आणि पैसे दोन्ही अंगावर पडतात. घेतलीच तर ट्रॉली उचललेली असताना तिच्या खाली जाण्याआधी लोखंडी टेकू लावलाच पाहिजे. तेलाच्या नळीवर भरवसा ठेवून खाली वाकू नये. आणि ट्रॉली उचलण्याआधी वर वीजवाहिनी आहे का, हे मान वर करून पाहावं.

टनावरचं भाडं

या सगळ्या गोष्टी शेतकऱ्याला कळत नाहीत असं नाही. कळूनही जास्त भरलं जातं याचं कारण पैशात आहे. ऊसवाहतुकीचं भाडं टनावर आणि अंतरावर मिळतं. कारखान्याच्या आवारात वजनकाट्याच्या आणि गव्हाणीच्या रांगेत पाच टनवाला आणि पंधरा टनवाला सारखाच वेळ थांबतो. मग फेरा करायचा तर भरून करायचा, हे गणित चालकाने मांडण्याआधीच व्यवस्थेने मांडून ठेवलेलं असतं. मोठ्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून वीस टनांच्या घरात ऊस जातो तो यामुळे. छोट्या ट्रॅक्टरमागच्या अंगद आणि जुगाड गाड्या तेच गणित लहान प्रमाणात करतात. ऊसतोड मजुराने मुकादमाकडून उचल घेतलेली, गाडीमालकाच्या डोक्यावर हप्ता, कारखान्याला गाळपाची घाई. या साखळीत ट्रॉलीच्या ब्रेकचा विचार करणारा कुणीच नसतो, कारण ब्रेकचे पैसे कुणाच्याच हिशोबात धरलेले नसतात.

दर हंगामाच्या तोंडाला रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. रात्री रस्त्याकडेला बंद पडलेली, दिवा नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. पण रिफ्लेक्टरमुळे ट्रॉली दिसते, थांबत नाही. टायर बदलून गाडी निघून गेल्यावर चाकाला लावलेले दगड रस्त्यातच राहतात, हेही इथे सांगितलं पाहिजे. ट्रॉलीबरोबर लाकडाचे दोन ठोकळे दोरीने बांधून ठेवले तर दगड शोधावा लागत नाही आणि मागे टाकूनही दिला जात नाही.

कागद आणि माणसं

मोटार वाहन कायदा १९८८ मधल्या कलम ६१ नुसार ट्रेलरचीही नोंदणी इतर वाहनांसारखीच करावी लागते. ट्रॉलीला स्वतःचा क्रमांक असतो, तो तिच्या बाजूवर लिहायचा, आणि ती ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांक शेवटच्या ट्रॉलीवर लावायचा. रस्त्यावर नजर टाका, किती ट्रॉल्यांवर दोन्ही क्रमांक दिसतात ते कळेल. शेडमध्ये ट्रॉली स्वस्त मिळते तेव्हा ती "विना पासिंग" आहे का, हे स्पष्ट विचारावं. पासिंग नसलेली ट्रॉली अपघातानंतर कागदावर अस्तित्वातच नसते, आणि भरपाईची वेळ आली की मालक एकटा पडतो. ट्रॅक्टरच्या विमा पॉलिसीत ट्रॉली आपोआप येत नाही. तिचा वेगळा हप्ता भरून पॉलिसीवर तिचा क्रमांक लिहून घ्यावा लागतो. चालकाचा परवाना मात्र निराळा लागत नाही. ट्रॅक्टर चालवण्याचा वैध परवाना असलेल्याने मागे ट्रेलर जोडला म्हणून तो परवाना बाद होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या नागशेट्टी प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

विम्याचा सगळ्यात कडक भाग माणसांचा. शेतीच्या ट्रॅक्टरवर आसन एकच, चालकाचं. ट्रॉली मालासाठी. तरी लग्नाचं वऱ्हाड, जत्रेची मंडळी, निंदणीला जाणाऱ्या बाया, सगळे ट्रॉलीत. ४ एप्रिल २०२५ ला नांदेडजवळ आलेगाव शिवारात मजुरांना घेऊन चाललेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत कोसळला. हिंगोली जिल्ह्यातल्या शेतमजूर बायका कामावर चालल्या होत्या. सात जणींचा जीव गेला. त्याआधी १ ऑक्टोबर २०२२ ला उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूर भागात देवदर्शनाहून परतणाऱ्यांची ट्रॉली तळ्यात उलटून २६ माणसं गेली. अशा वेळी चालकाला दोष देऊन सगळे मोकळे होतात. शेतावर जायला मजुरांना दुसरं वाहन नाही, हा प्रश्न मागे राहतो. तो सुटेपर्यंतही एवढं तरी ठरवता येतं की मडगार्डवर आणि दांडीवर कुणी बसणार नाही. चाकाखाली जायला त्याहून जवळची जागा नाही.

ट्रॅक्टरच ट्रॉलीवर

कधी कधी छोटा ट्रॅक्टर स्वतःच माल होतो. दुसऱ्या तालुक्यातली जमीन कसायची, किंवा बिघडलेला ट्रॅक्टर वर्कशॉपला न्यायचा. अमेरिकेत यासाठी पिकअपमागे खास ट्रेलर जोडतात, आणि तिथे अनेक राज्यांत साधारण ३००० पौंडांच्या, म्हणजे १३६० किलोंच्या वर गेलेल्या ट्रेलरला ब्रेक लागतोच. आपल्याकडे ट्रॅक्टर पिकअपमध्येच चढवतात. आठशे किलोचा ट्रॅक्टर पिकअपला जड नाही, जोखीम चढवताना असते. लाकडी फळ्यांऐवजी लोखंडी चॅनेलचा रॅम्प घ्यावा, तो पिकअपला बांधून टाकावा, आणि मागच्या चाकांवर चालणारा ट्रॅक्टर रिव्हर्समध्ये चढवावा. पुढून चढवताना तोंड उचललं तर तो मागे उलटतो. रिव्हर्समध्ये जड बाजू वरच्या अंगाला राहते. वर गेल्यावर नुसता हँडब्रेक पुरत नाही. पुढून दोन, मागून दोन अशा चार साखळ्या लोखंडी जागांना ताणून बांधाव्या, टायरला किंवा स्टेअरिंगला नव्हे.

निवडताना

आता प्रत्यक्ष निवड. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ट्रॅक्टर घेताना वाचलेल्या त्या पैशांतला हिस्सा ट्रॉलीकडे वळवता येतो. ट्रॅक्टरचं वजन माहितीपुस्तिकेत किंवा मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालात मिळतं. भारतात विकल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरची ओढण्याची ताकद आणि ब्रेक तिथे तपासले जातात, आणि विक्रेत्याकडे तो अहवाल मागायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. त्या वजनाची दीडपट करा. त्यातून रिकाम्या ट्रॉलीचं वजन वजा करा. उरेल तो तुमचा बिनब्रेकचा माल. तो फार कमी वाटत असेल, आणि वाटेलच, तर ब्रेकसह ट्रॉली बांधून घ्या. ब्रेकचा खर्च जास्त वाटत असेल तर दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून एक चांगली, पासिंगची, ब्रेकची ट्रॉली घ्यावी. ती वर्षातले बरेच दिवस उभीच असते, सामायिक घेण्यात नुकसान काहीच नाही.

कारखान्यांनी आणि बाजार समित्यांनी मनावर घेतलं तर हे लवकर घडेल. रिफ्लेक्टर नसलेल्या गाडीला अडवता येतं तसं करार करताना ब्रेकच्या ट्रॉलीला टनामागे चार पैसे जास्त देता येतात. शेडवाल्यांना मागणी दिसली की वर्षभरात ब्रेक हा ट्रॉलीचा नेहमीचा भाग होईल. बचत गटांच्या योजनेतही ट्रेलरच्या रकान्यात "ब्रेकसह" एवढा एक शब्द घालायला सरकारला फार खर्च येणार नाही.

आणि तुम्ही या हंगामात नवी ट्रॉली सांगायला शेडमध्ये जाल, तेव्हा फाळक्याची उंची सांगण्याआधी ट्रॅक्टरचं वजन सांगा, आणि कोटेशन ब्रेकसहच मागा.